सुवर्णपरीक्षा

आमच्या आंबोलीस पावसाळ्यात येणारे पाहुणे धबधबा पाहतात, धुक्यात चार पावले हिंडतात, भाजलेली कणसे खातात आणि घाट उतरून परत जातात. त्यांतील थोडेच हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत येतात. गुहेतून वाहणारे निर्मळ पाणी, पुढचे कुंड, देवालय व सभोवारची दाट राई पाहून जो तो एकच प्रश्न करतो, "नदीला हे नाव कशावरून पडले?" या प्रश्नाचे उत्तर देणे हे गेली तीस वर्षे मी आपले कर्तव्य समजत आलो. हिरण्य म्हणजे सोने, जिचे केस सोन्याचे ती हिरण्यकेशी, समास बहुव्रीही. आपल्या घरांतून जे हिरण्यकेशी शाखेचे लोक आहेत त्यांचे सूत्रकार निराळे, त्यांचा या नदीशी संबंध जोडू नये, इतकेही मी बजावून सांगत असे. येथवर सारे ठीक होते. परंतु श्रोत्याने मान डोलावली की वक्त्याची जीभ सैल होते. पुढे मी आपल्या पदरचे एक वाक्य जोडीत असे, "पूर्वजांनी नाव उगाच ठेवले नसेल, या खोऱ्यात कधीकाळी सोने सापडत असले पाहिजे." या वाक्यास आधार काय, असे मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःस विचारले नाही. त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त मला कसे घ्यावे लागले, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेख.

सन २०२२ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून एक बातमी आली. चंद्रपूर व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत सोन्याचे साठे आढळल्याचे राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. बातमी चार ओळींची. पण आमच्या गावात ती चार महिने पुरली. पुढल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ गावात आले. अंगावर स्वच्छ कपडे, बोलणे गोड, हातात नकाशांची भेंडोळी. आंबोली, चौकुळ व गेळे येथील जमिनींचा कबुलायतदार गावकर प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, म्हणून त्यांनी आमच्या गावच्या जमिनीस हात घातला नाही. घाटाखाली, 'सोन्याच्या पट्ट्यात', एक मोठा डोंगर घेतला जात असून त्यात गुंठ्यागुंठ्याने वाटेकरी करून घेण्याचे चालले आहे, सोने निघाले की सरकार दसपट मोबदला देईल, असे त्यांचे सांगणे होते. देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. गृहस्थांनी पिशवीतून एक दगड काढला. पांढऱ्या गारेत पिवळेधमक चौकोनी दाणे चमकत होते. दगड हातोहात फिरला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि आम्ही सांगायला कशाला हवे? तुमचे गुरुजीच सांगतात, नदीच्या नावातच सोने आहे!"

सर्वांच्या दृष्टी माझ्याकडे लागल्या. त्या वेळी "नावावरून खाण सिद्ध होत नाही" एवढे पाच शब्द मी बोलावयास हवे होते. मी बोललो नाही. खरे सांगावयाचे तर आपल्या व्युत्पत्तीचा असा भर सभेत गौरव झालेला पाहून मला बरेच वाटले. आमच्या शेजाऱ्याने त्याच संध्याकाळी इसाऱ्याची रक्कम देऊन टाकली.

माझी थोरली बहीण, आक्का, वैधव्यानंतर माझ्याकडेच असते. तिच्याजवळ आमच्या आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या रुमालात बांधून माझ्यापुढे ठेवल्या. "अरे, तू म्हणतोस म्हणजे असणार सोने. माझ्या मागे तुझ्या पोरांनाच होईल. ह्या मोडून टाक त्यात." तिने नकाशा पाहिला नव्हता, दगड पाहिला नव्हता, तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मी रुमाल घेतला आणि सावंतवाडीची गाडी धरली.

आमचे सोनार तीन पिढ्यांचे. मोठ्या आदराने त्यांनी मला बसविले. पाटली कसोटीवर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, तराजूत वजन केले आणि म्हणाले, "गुरुजी, वितळवल्याशिवाय पक्का भाव सांगता येणार नाही. आत सांधा किती, घट किती, हे आगीतून निघाल्यावरच कळते." मी किंचित रागावून म्हटले, "अहो, ह्या तुमच्या आजोबांनीच घडविलेल्या आहेत." ते हसून म्हणाले, "म्हणूनच सांगतो. आजोबांनाही मी वितळवल्याशिवाय पैसे दिले नसते."

त्यांचे ते बोलणे ऐकून मी चपापलो. माझ्या आईच्या हातातले, चाळीस वर्षे डोळ्यांसमोर असलेले सोने अग्नीत घातल्यावाचून हा मनुष्य एक पैसा देत नाही. आणि मी मात्र तेच सोने न पाहिलेल्या डोंगरावर, एका अनोळखी गृहस्थाच्या दगडावर आणि माझ्याच एका निराधार वाक्यावर ओवाळून टाकण्यास निघालो होतो. त्या दगडाचा एक तुकडा माझ्या खिशात होता. सोनारांनी तो कसोटीवर घासला. रेघ पिवळी उमटली नाही, काळसर उमटली. ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. सोने असते तर पत्र्यासारखे पसरले असते. ह्याचा चुरा झाला आणि गंधकाचा दर्प आला. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत सुवर्णमाक्षिक म्हणून जो सोन्याच्या रंगाचा धातुपाषाण येतो, त्याच्याच जातकुळीचे हे गंधक व लोह यांचे मिश्रण. नाव मला ठाऊक होते. ओळख पटविण्यास मात्र सोनाराची ऐरण लागली. मी पाटल्या तशाच घरी आणल्या.

परंतु केवळ एक दगड खोटा ठरला म्हणून डोंगर खोटा ठरत नाही, हेही न्यायाने पाहिले पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी खनिजांच्या शोधकार्यात परराज्यात नोकरीस आहे. त्याला मी सर्व हकीकत कळविली. त्याने मला जे शिकविले ते येथे थोडक्यात देतो. गुरूने शिष्यापासून शिकण्यात मला कमीपणा वाटत नाही.

पहिली गोष्ट खडकाची. आंबोलीचा डोंगर म्हणजे ज्वालारसाचा काळा पाषाण आणि त्यावर जांभ्याचे आवरण. भारतात सोन्याच्या खाणी झाल्या त्या याहून कितीतरी प्राचीन अशा, धारवाडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकांत. तसे जुने खडक घाटाखाली, जिल्ह्याच्या दक्षिण भागात उघडे पडलेले आहेत. तेव्हा घाटाखाली सोने शोधणे ही कल्पना मुळातच हास्यास्पद नव्हे. आणि अर्धसत्य म्हणूनच पूर्ण असत्यापेक्षा अधिक फसवे असते. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७४ साली धारवाड प्रांतातील डंबळच्या टेकड्यांतील सुवर्णयुक्त खडकांवर लेख प्रसिद्ध केला होता. तेथील ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे जलगार लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. सोन्याचे कण सापडणे निराळे आणि खाण होणे निराळे.

या दोहोंमधील अंतर परीक्षेने भरून काढावे लागते. आपल्याकडे तिच्या चार इयत्ता मानल्या आहेत. पहिल्या इयत्तेत मोठ्या प्रदेशाची ओझरती पाहणी. ओढ्यांतील गाळ व माती यांचे नमुने. दुसरीत चर खणून व विरळ छिद्रे पाडून खडकाचा प्राथमिक शोध. तिसरीत व चौथीत छिद्रे अधिकाधिक जवळ जवळ पाडून शिरेची लांबी, जाडी, खोली व सलगता निश्चित करावयाची. या इयत्तांस जी-४ पासून जी-१ पर्यंत नावे असून चढता क्रम उलट आहे. जी-४ म्हणजे बिगारी. वर्तमानपत्रात "साठे आढळले" असे येते तेव्हा ते कोणत्या इयत्तेतील आहेत, हे प्रथम विचारावे. बिगारीत नाव घातलेल्या मुलाच्या बापास कोणी "चिरंजीव मॅट्रिक झाले" म्हणून पेढे मागत नाही.

छिद्र पाडण्याच्या पोकळ दांड्याच्या टोकास हिरकणीचे दात असतात. त्यातून खडकाचा लांब दंडगोल, म्हणजे गाभा, बाहेर येतो. तो उभा चिरून अर्धा परीक्षेस पाठवितात व अर्धा पेटीत क्रमांक घालून जपून ठेवतात, म्हणजे शंका आल्यास दुसऱ्यास तपासता येतो. परीक्षेची रीत आक्काच्या पाटल्यांहून फारशी निराळी नाही. खडकाचे पीठ करून त्यात मुरदाडशिंग, टाकणखार इत्यादी घालून मुशीत वितळवितात. शिसे सारे सोने आपल्यात ओढून घेऊन तळाशी बसते. मग ते शिसे हाडांच्या राखेच्या वाटीत तापविले म्हणजे वाटी शिसे शोषून घेते आणि मागे मोहरीहूनही बारीक असा सोन्याचांदीचा मणी उरतो. त्यातील चांदी तेजाबाने काढून सोन्याचे वजन करतात. मधूनमधून, परीक्षकास न कळविता, मुळीच सोने नसलेला व सोन्याचे प्रमाण आधीच ठाऊक असलेला असे दोन्ही तऱ्हेचे नमुने त्याच्याकडे धाडतात. म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा होते.

मग गणित. समजा, शीर २०० मीटर लांब, २ मीटर जाड व १०० मीटर खोल आहे. घनफळ ४०,००० घनमीटर, घनमीटरास २.७ टन धरले तर १,०८,००० टन दगड. टनास सरासरी ३ ग्रॅम सोने असले तर एकूण ३२४ किलो. पण ही सरासरी कशी काढली, हा खरा प्रश्न. सोने खडकात सारखे पसरलेले नसते. एका नमुन्यात टनास पन्नास ग्रॅम निघावे आणि शेजारच्या दहांत काहीच नसावे, असे वारंवार घडते. वर्गातील एका मुलास शंभर गुण मिळाले म्हणून सारा वर्ग उत्तीर्ण झाला असे समजणारा शिक्षक मी पाहिला नाही. चमकणारा एकच दगड दाखवून डोंगर विकणारे मात्र पुष्कळ आहेत. आक्कास समजावे म्हणून मी हेच गणित उलट मांडून दाखविले. टनामागे ३ ग्रॅमांपैकी २.७ ग्रॅम हाती आले, तर तिच्या ४० ग्रॅमांच्या पाटल्यांसाठी सुमारे १५ टन खडक फोडून, दळून त्याचे पीठ करावे लागेल. ती बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली.

आकड्यांचा घोटाळा केवढा होऊ शकतो याचे उदाहरण दूरचे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,३५० टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने लागलीच खुलासा केला, की तेथे ५२,८०६ टन खनिज असून त्यात टनास सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे. म्हणजे सोने सुमारे १६० किलो. वार्तेतला आकडा वीस हजारपटींहूनही फुगलेला होता. १८८० च्या सुमारास दक्षिणेत वायनाड येथे असाच ज्वर चढला. ब्रो स्मिथ नावाच्या तज्ज्ञाच्या आशादायक अहवालावर लंडनमध्ये एकामागून एक कंपन्या निघाल्या आणि दोन-चार वर्षांत त्या बुडाल्या. अगदी अलीकडे, १९९७ साली, कॅनडातील ब्री-एक्स कंपनीचे बिंग फुटले. बोर्निओ बेटावरील बुसांग येथे जगातील एक सर्वांत मोठा सुवर्णसाठा असल्याचा तिचा डंका होता. पण तेथील दगडाच्या पिठात बाहेरचे सोने मिसळून नमुने धाडले जात होते. खडकाचा गाभा अर्धा राखून ठेवण्याऐवजी सगळाच दळला जाई, त्यामुळे पुनःपरीक्षेस काही उरतच नसे. दुसऱ्या कंपनीने त्याच छिद्रांच्या शेजारी आपली छिद्रे पाडली तेव्हा सोने जवळजवळ निघालेच नाही.

याचा अर्थ साऱ्याच खाणी मृगजळ असा नव्हे. कोलारने शंभरांहून अधिक वर्षांत ८०० टनांहून अधिक सोने दिले, आणि रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण आजही चालू आहे. पण कोलारची कथाही शेवटपर्यंत ऐकावी. खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली, सोन्याचे प्रमाण उतरत गेले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद झाली. सोने अगदी संपले म्हणून नव्हे, ते वर आणण्याचा खर्च त्याच्या किमतीस खाऊ लागला म्हणून. मागे उरल्या त्या सायनाइडने धुतलेल्या दगडपिठाच्या टेकड्या. सोने आहे की नाही, या प्रश्नापाठोपाठ ते परवडते की नाही, आणि त्यानंतर उरलेला गाळ कोठे ठेवणार, हे दोन प्रश्न येतात. जेथे वर्षाकाठी सातशे सेंटिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, त्या आमच्या घाटमाथ्याच्या परिसरात तो तिसरा प्रश्न पहिल्याइतकाच जड आहे.

हे सर्व मनात जुळवून मी पुढच्या बैठकीस गेलो. या वेळी दगड माझ्या हातात होता. मी प्रथम सर्वांसमक्ष कबूल केले, की नदीच्या नावावरून सोने असल्याचे मी जे सांगत आलो ते माझे पांडित्य होते, प्रमाण नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात खाणींविषयी लिहिताना जुनी खाण कीट, मुशी, कोळसे व राख यांवरून, आणि नवी खाण दगडमातीचे वजन, रंग, गंध व रुची यांवरून ओळखण्यास सांगितले आहे. नदीच्या नावावरून ओळखण्यास सांगितलेले नाही. मग मी त्या गृहस्थांस पाच प्रश्न विचारले. छिद्रे किती पाडली? गाभ्याचा राखलेला अर्धा भाग कोठे आहे? परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेत झाली? टनास सरासरी किती ग्रॅम व किती जाडीत? आणि शेवटचा प्रश्न हा, की जमीन घेतल्याने सोने काढण्याचा हक्क मिळतो काय? कारण १९५७ च्या खाणकायद्याप्रमाणे त्यास शासनाचा पट्टा लागतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून असे पट्टे लिलावाने दिले जातात. गृहस्थांनी नकाशा उलगडला, पुन्हा गुंडाळला, आणि कागदपत्रे मुंबईस आहेत असे सांगितले. ती कागदपत्रे आजतागायत आंबोलीस पोहोचलेली नाहीत, आणि ते गृहस्थही पुन्हा आले नाहीत.

गाव वाचले, असे म्हणून लोकांनी माझी स्तुती केली. ती मला टोचली. शेजाऱ्याचा इसारा गेला तो गेलाच. त्याच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली. तो भला मनुष्य म्हणाला, "गुरुजी, तुम्ही थोडेच पैसे घेतले?" मी पैसे घेतले नव्हते हे खरे, पण भर सभेत माझे नाव प्रमाण म्हणून पुढे केले गेले तेव्हा मी गप्प बसलो होतो. ज्याच्या शब्दावर चार माणसे विसंबतात, त्याच्या मौनाचीही किंमत कोणीतरी भरतो.

उगमाजवळच्या कुंडाची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्या कुंडातील एका लहानशा माशाची नवी जात म्हणून नोंद केली आणि तिला आमच्या नदीचेच नाव दिले, शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढल्या वर्षी शासनाने ते स्थळ जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. बोटाएवढाच तो मासा. पण त्याचे नाव ठरविण्यापूर्वी त्यांनी त्याची हाडे मोजली, त्याच्या भाईबंदांशी ताडून पाहिली, आणि मगच लिहिले. तीस वर्षे त्याच काठावर उभा राहून मी नावाचा अर्थ सांगत होतो, पण पाण्यात काय आहे ते वाकून पाहिले नव्हते.

आता पाहुण्यांनी विचारले तर मी समास सोडवून दाखवितो आणि तेथेच थांबतो. आक्काच्या पाटल्या तिच्या ट्रंकेत आहेत. परवा दिवाळीस तिने त्या रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, हातात घातल्या आणि मला विचारले, "काय रे, पंधरा टन ना?" मी म्हटले, "होय, आक्का, पंधरा टन." मग तिने त्या जरा हळूच काढून ठेवल्या.